ई-स्टेटमेंट

ई-स्टेटमेंट म्हणजे बँक, डिपॉझिटरी (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी संस्था), म्युच्युअल फंड, शेअर दलाल किंवा आयकर विभाग यांनी कागदाऐवजी ईमेलने किंवा पोर्टलवरून दिलेला हिशेब. ‘खातेउतारा’ हा यासाठी जुना आणि नेमका मराठी शब्द आहे, पण बोलताना सगळे ‘स्टेटमेंट’च म्हणतात. ही फाइल बहुधा पीडीएफ असते आणि तिला दोन प्रकारचे संरक्षण असू शकते : पासवर्ड आणि डिजिटल सही. फाइल कोणाला उघडता येईल हे पासवर्डने ठरते. ती कोणी दिली आणि नंतर तिला कोणी हात लावला का, हे सहीवरून कळते. ‘पासवर्ड आहे म्हणजे फाइल अस्सल’ हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे.

भारतात या व्यवहाराचा पाया माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा आहे. तो १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याच्या कलम ४ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी दस्ताची आणि कलम ५ने डिजिटल सहीला हाताच्या सहीची मान्यता दिली. त्याच वेळी १८९१चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदाही बदलला आणि संगणकातल्या नोंदींचे प्रिंटआउट बँकेच्या प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून चालू लागले. मृत्युपत्र मात्र या कायद्याबाहेर ठेवले आहे. म्हणजे आयुष्यभराच्या ठेवींचा हिशेब ईमेलवर चालतो. त्या कोणाला द्यायच्या, हे अजून कागदावरच लिहावे लागते.

पासवर्ड. स्टेटमेंटच्या ईमेलमध्येच पासवर्ड कसा बनवायचा ते सांगितलेले असते. आयकर विभागाच्या फॉर्म २६एएससाठी, म्हणजे कापलेल्या कराच्या तपशिलासाठी, जन्मतारीख आठ आकड्यांत. वार्षिक माहिती पत्रकासाठी, म्हणजे एआयएससाठी, आधी पॅन आणि मग जन्मतारीख, त्यातही पॅन स्मॉल अक्षरांत. डिपॉझिटरीच्या एकत्रित स्टेटमेंटला पॅनच लागतो, पण कॅपिटलमध्ये. ई-आधारला नावाची पहिली चार अक्षरे कॅपिटल आणि पुढे जन्मवर्ष. मोबाइलचा कीबोर्ड पहिले अक्षर आपणहून कॅपिटल करतो आणि एआयएस उघडत नाही. मग माणूस विभागाला दोष देत बसतो.

ही कुलपे फार पक्की नाहीत. ऐंशी वर्षांतल्या सगळ्या जन्मतारखा मोजल्या तरी त्या एकोणतीस हजारांच्या आसपास भरतात. एवढे पर्याय तपासणे साध्या लॅपटॉपलाही अवघड नाही. पॅनमध्ये पर्याय कितीतरी अधिक आहेत, पण व्यक्तीच्या पॅनचे चौथे अक्षर नेहमी ‘पी’ आणि पाचवे आडनावाचे पहिले अक्षर असते. शिवाय पॅन गुप्त राहतोच कुठे? भाड्याच्या करारापासून सिमकार्डपर्यंत त्याच्या झेरॉक्स आपण वाटलेल्या असतात. ईमेल चुकून भलत्याच पत्त्यावर गेली तर अनोळखी माणसाने फाइल सहज उघडू नये, इतपत काम हा पासवर्ड करतो. ओळखीच्या माणसापासून तो वाचवत नाही.

खरी गळती बहुतेकदा झेरॉक्सच्या दुकानात होते. गिऱ्हाईक दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवते, रांगेतल्या चौघांसमोर मोठ्याने जन्मतारीख सांगते, प्रिंट घेते आणि निघून जाते. फाइल दुकानाच्या संगणकात ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते, वर्षभराच्या पगारासह, कर्जाच्या हप्त्यांसह.

डिजिटल सही. सही करताना आधी फाइलमधल्या मजकुराचा गणिती ठसा काढतात. एसएचए-२५६ पद्धतीने निघणारा ठसा ६४ चिन्हांत लिहितात. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीने हा ठसा बंद होतो आणि सार्वजनिक किल्लीने कोणालाही तपासता येतो. ती किल्ली नेमकी कोणाची, याची हमी परवानाधारक प्रमाणन संस्था देतात. त्यांच्या वर केंद्र सरकारचा प्रमाणन प्राधिकरण नियंत्रक असतो.

अशी फाइल संगणकावर उघडली की सहीच्या जागी अनेकदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. त्याचा अर्थ फाइल खोटी आहे असा नव्हे. पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या विश्वासू यादीत या भारतीय नियंत्रकाचे मूळ (रूट) प्रमाणपत्र नसते, एवढेच. प्रमाणपत्र तपासून ते यादीत घातले की हिरवी टिकली येते. गंमत अशी की अनेक कार्यालये ‘हिरव्या टिकलीची प्रिंट आणा’ असे सांगतात. कागदावर छापलेली टिकली हे नुसते चित्र असते. सही त्या फाइलबरोबर संगणकातच राहिली.

शेअर दलालाची इलेक्ट्रॉनिक कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याच्या तपशिलाची चिठ्ठी, सौद्यानंतर २४ तासांत आणि डिजिटल सहीनेच द्यावी लागते. नोकरदारांच्या फॉर्म १६वरही बहुधा अशी सही असते. अनेक बँकांच्या स्टेटमेंटखाली मात्र ‘हे संगणकनिर्मित असल्याने सहीची गरज नाही’ एवढेच छापलेले असते. अशा पीडीएफमध्ये शिल्लक रकमेपुढे एक शून्य वाढवले तर फाइल स्वतःहून काही बोलत नाही. व्हिसासाठी अर्ज करणारे लोक ऑनलाइन मिळालेले स्टेटमेंट छापून पुन्हा शाखेत गोल शिक्का मारायला जातात ते यामुळेच.

न्यायालयात. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून कशी मांडायची, याचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्या एका निवडणूक वादात लागला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४च्या निवडणुकीवरून अर्जुन पंडितराव खोतकर आणि कैलास किसनराव गोरंट्याल यांच्यात खटला झाला. वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणापर्यंत गेला. मूळ उपकरण हजर केले नसेल तर प्रतीसोबत तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-बीचे प्रमाणपत्र हवेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये ही तरतूद पुढे आली असून प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा गणिती ठसा लिहावा लागतो.

एकत्रित स्टेटमेंट. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्याने शेअरची कागदी प्रमाणपत्रे जाऊन डीमॅट नोंदी आल्या. एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन्ही डिपॉझिटरी मुंबईतल्या. २०१५पासून त्या पॅनच्या आधारे डीमॅट खाती आणि म्युच्युअल फंड यांचे एकच स्टेटमेंट पाठवतात. ते व्यवहार झालेल्या महिन्याचे येते. व्यवहार नसतील तर सहा महिन्यांतून एकदा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२४मध्ये ईमेल हाच ते पाठवण्याचा मूळ मार्ग ठरवला. कागद हवा असेल तर मागावा लागतो.

फाइलच्या पुढे. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये, म्हणजे दस्त ऑनलाइन ठेवण्याच्या सरकारी सोयीत, ‘इश्यूड’ आणि ‘अपलोडेड’ असे दोन कप्पे आहेत. पहिल्यातला दस्त देणाऱ्या संस्थेकडूनच येतो आणि नियमांनुसार मूळ दस्ताच्या बरोबरीचा धरला जातो. दुसऱ्यात आपण स्वतः चढवलेले स्कॅन असतात आणि त्यांचे मोल स्कॅनइतकेच. अकाउंट अॅग्रिगेटर व्यवस्थेत तर पीडीएफची गरजच उरत नाही. रिझर्व्ह बँकेने तिचे नियम २०१६मध्ये काढले आणि ती २ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाली. ग्राहकाने मोबाइलवर संमती दिली की बँकेकडची माहिती सांकेतिक रूपात थेट कर्ज देणाऱ्या संस्थेकडे जाते. मधल्या अॅग्रिगेटरला ती वाचता येत नाही. कोणती माहिती, कशासाठी, किती काळ, हे त्या संमतीतच नोंदलेले असते आणि ती मागेही घेता येते. स्टेटमेंटमधले आकडे बदलून कर्ज मागण्याची वाट यामुळे अरुंद होते.

वारसांची अडचण. कागदी जमान्यात माणूस गेल्यावर कपाटातली पासबुके, ठेवीच्या पावत्या आणि पोस्टाने आलेले लिफाफे पाहून वारसांना खात्यांचा माग लागत असे. आता तो माग एका मेलबॉक्समध्ये असतो. फाइलचा पासवर्ड घरच्यांना ठाऊक असतो, कारण तो पॅन किंवा जन्मतारीखच असतो. मेलबॉक्सचा मात्र कोणालाच माहीत नसतो. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जातात. तिथूनही हक्कदाराला त्या बँकेमार्फत परत मागता येतात. त्या शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल उघडले. तिथे खातेदाराच्या नावाबरोबर जी ओळख चालते, तिच्यात पॅन आणि जन्मतारीख आहेतच.