गाजराच्या रंगाची गोळी

जांभळा मका, काळी गाजरं, बेरी यांतली रंगद्रव्यं कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतात, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. ती खोटी नसते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात मोनिका ज्युस्ती यांच्या गटाला अँथोसायनिन या जांभळ्या रंगद्रव्यांचा असा परिणाम मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर दिसला होता. पण तो प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर. तिथून माणसापर्यंतचा रस्ता किती अवघड असतो, हे गाजराला केशरी रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनच्या इतिहासातून कळतं.

गाजरातून कॅरोटीन पहिल्यांदा वेगळं केलं ते वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८३१ मध्ये. त्याची रचना उलगडायला पुढे जवळपास शंभर वर्षं गेली. ते काम स्विस रसायनशास्त्रज्ञ पाउल कारर यांचं. त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं. आपलं शरीर यापासून अ जीवनसत्त्व बनवतं, हेही त्याच सुमारास स्पष्ट झालं.

कर्करोगाचा धागा नंतर जुळला. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असं एकामागून एक पाहण्यांत दिसू लागलं. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल हे ब्रिटिश संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात लेख लिहिला. आहारातल्या बीटा-कॅरोटीनने कर्करोगाचं प्रमाण खरोखर घटेल का, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता. तो प्रश्न होता, हे पुढच्या उत्साहात अनेकजण विसरले.

उत्तर फिनलंडमधून आलं. तिथे ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांची चाचणी झाली. त्यातल्या काही गटांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं गेलं. १९९४ मध्ये निष्कर्ष आले: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. हा योगायोग असेल असं काहींना वाटलं. पण अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या, पूर्वी केलेल्या किंवा अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या १८,३१४ लोकांवर 'कॅरेट' नावाची चाचणी सुरू होती. तिथे बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही देत होते. त्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के जास्त निघाले. जानेवारी १९९६ मध्ये गोळ्या ठरल्या वेळेच्या २१ महिने आधीच थांबवाव्या लागल्या. निरोगी राहण्याच्या आशेने हजारो माणसं त्या गोळ्या वर्षानुवर्षं घेत होती, हे आकडे वाचताना विसरता येत नाही.

असं का झालं? फेरेट या प्राण्यांवरच्या पुढच्या प्रयोगांतून एक दिशा मिळाली. सिगारेटच्या धुराने भरलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटीन मोठ्या मात्रेत गेलं, की ते ऑक्सिडीकरणाने तुटतं आणि त्याचे तुकडे पेशींची नैसर्गिक शिस्त बिघडवतात. गाजर खाऊन इतकी मात्रा सहसा पोटात जात नाही; शिवाय भाजीत तंतू आणि इतर शेकडो द्रव्यंही असतात. त्या जुन्या पाहण्यांतला फायदा या एकट्या रंगाचा होता, असं धरून चालणं हीच माझ्या मते मूळ चूक.

टोमॅटोतल्या लायकोपीन या लाल रंगद्रव्याचीही अशीच हवा झाली होती. १९९५ मध्ये हार्वर्डच्या एका मोठ्या पाहणीत टोमॅटोचे पदार्थ जास्त खाणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग कमी दिसला. पण लायकोपीनच्या गोळ्यांवर कर्करोग टाळण्याचा दावा छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये नकार दिला.

अँथोसायनिनचं संशोधन चालू आहे आणि चालूच राहावं. हे द्रव्य रक्तात फार थोडं शोषलं जातं, बरंचसं आतड्यातच राहतं. म्हणून आतड्याच्या कर्करोगाबाबत त्याचा विचार करणं सयुक्तिक आहे. मात्र उपचार चालू असलेल्या रुग्णाने केमोथेरपीऐवजी रसाचा पेला निवडावा, याला आज कुठलाही आधार नाही. आणि सिगारेट-बिडी ओढणाऱ्याने, किंवा पूर्वी ओढलेल्यानेही, मल्टीव्हिटॅमिनची बाटली घेण्याआधी त्यात बीटा-कॅरोटीन किती आहे ते वाचावं.