प्रतिवॅट कामगिरी (लॅपटॉप प्रोसेसर)

प्रतिवॅट कामगिरी म्हणजे प्रोसेसरने खर्च केलेल्या प्रत्येक वॅटमागे किती काम उरकले याचे माप. दोन प्रोसेसरांची तुलना करताना नुसता वेग पाहून भागत नाही, नुसता वीजखर्च पाहूनही नाही. मोजणी किती वॅटच्या मर्यादेत आणि किती तापलेल्या खोलीत झाली हे कळल्याशिवाय आकडा अर्धवटच राहतो. खोलीची ही अट थंड गावात विसरली तरी खपून जाते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ती विसरता येत नाही.

प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरांच्या (सूक्ष्म स्विचांच्या) उघडमिटीला लागणारी वीज वारंवारिता (दर सेकंदाचे ठोके) गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. वारंवारिता चढवायची तर व्होल्टेजही चढवावे लागते. त्यामुळे वरच्या टोकाला वेग जेमतेम वाढतो आणि वीज मात्र ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या हिशेबाने जाते. म्हणूनच थोड्या गाभ्यांना (कोअरना) पळवण्यापेक्षा जास्त गाभे सावकाश चालवणे स्वस्त पडते. अट एकच, काम वाटता आले पाहिजे. चादरींच्या गावात हे समजवायला सोपे आहे: दहा चादरी दोन मागांवर वाटून विणता येतात, एकच चादर नाही.

उदाहरणादाखल, स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये भरपूर खपलेली एक जोडी घेऊ. इंटेल कोर आय५-११३५जी७ (२०२०) मध्ये ४ गाभे व ८ थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारे कामाचे धागे), तर एएमडी रायझन ५ ५५००यू (२०२१) मध्ये ६ गाभे व १२ थ्रेड आहेत. कमाल वारंवारिता अनुक्रमे ४.२ आणि ४.० गिगाहर्ट्झ. पहिला १० नॅनोमीटर, दुसरा ७ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेला. हे नॅनोमीटरचे आकडे आता मोजमाप कमी आणि व्यापारी नाव जास्त झाले आहेत. ट्रान्झिस्टरांच्या दाटीत या दोन प्रक्रिया जवळपास बरोबरीच्या आहेत. नावाचा घोळ दुसरीकडेही आहे: ५५००यू ५००० मालिकेत मोडतो, पण आतली रचना एएमडीच्या आधीच्या पिढीची, ‘झेन २’ नावाची.

एका थ्रेडच्या कामात, म्हणजे वेबपान उघडणे, टॅलीत नोंद करणे अशा ठिकाणी, इंटेलचा गाभा पुढे राहतो. व्हिडिओ रेंडर करणे किंवा मोठा प्रोग्रॅम कंपाइल करणे अशा वाटून घेता येणाऱ्या कामात १५ वॅटच्या मर्यादेत रायझन स्पष्टपणे जिंकतो. यापैकी एकच चाचणी दाखवून निकाल लावणारा माणूस बहुधा काहीतरी विकत असतो.

डब्यावर न छापलेला आकडाही महत्त्वाचा असतो. आय५-११३५जी७ ला १२ ते २८ वॅटच्या दरम्यान कुठेही बांधता येते, ५५००यू ला १० ते २५ वॅटच्या दरम्यान. ही मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. त्यामुळे तोच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तरी एक दुसऱ्याला सहज मागे टाकतो. ‘तुझा पंधराला बांधलाय का अठ्ठावीसला, बे?’ हा प्रश्न मॉडेलच्या नावाआधी विचारावा असा आहे.

बॅटरीला वॅटपेक्षा ज्यूल, म्हणजे वॅट गुणिले सेकंद, महत्त्वाचे. समजा एका प्रोसेसरने ४० वॅट घेऊन काम ६० सेकंदांत संपवले: २४०० ज्यूल. दुसऱ्याने १५ वॅटवर १४० सेकंद घेतले: २१०० ज्यूल. दुसरा काटकसरी वाटतो. आता पडदा आणि इतर भागांचे ४ वॅट धरा. बेरीज २६४० आणि २६६० होते, आणि काम संपताच झाकण मिटणार असेल तर काटकसर संपली. पडदा पुढे तासभर चालूच राहणार असेल, तर मात्र दोघांना तो खर्च सारखाच पडतो आणि निष्क्रिय अवस्थेत कोण किती पितो यावर निकाल फिरतो.

घरच्या वीजबिलात या फरकाने फारसे काही हलत नाही. महावितरणच्या बिलावरचे १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. १५ वॅटचा प्रोसेसर आठ तास पूर्ण भाराने चालला तरी ०.१२ युनिट जाते. प्रश्न आहे तो बॅटरीचा, पंख्याच्या भणभणीचा आणि उष्णतेचा.

प्रोसेसरमधून बाहेर पडणारी उष्णता चिप आणि खोली यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. आय५-११३५जी७ ची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ७५ अंशांचा उतार मिळतो, पत्र्याखालच्या ४२ अंशांच्या खोलीत ५८ चा. म्हणजे तोच पंखा जवळपास २३ टक्के कमी वॅट बाहेर टाकू शकतो. घनाचा हिशेब लावला तर वेग साधारण ८ टक्क्यांनीच उतरतो, पण हे सलग कामात. क्षणभर उसळी मारून थांबणाऱ्या कामात फरक जाणवतही नाही. जो लॅपटॉप १५ वॅटवरच बांधलेला आहे आणि ज्याचा पंखा २० वॅट पेलतो, त्याला उन्हाळ्याची झळ लागत नाही. जानेवारीत २८ वॅटच्या जोरावर पुढे गेलेला लॅपटॉप मे महिन्यात त्याच्या जवळ येऊन बसतो, आणि म्हणून दोन्ही चाचण्या एकाच दिवशी, एकाच टेबलावर घ्याव्या लागतात.

मागाच्या कारखान्याला लागून असलेल्या ऑफिसात आणखी एक गोष्ट नडते. सुताचे बारीक तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या पातळ पत्र्यांवर राखाडी नमद्यासारखा थर धरतात. मागचे झाकण उघडून चिमट्याने तो ओढला तर अखंड पट्टी निघून येते. जुना लॅपटॉप नव्याशी ताडून पाहण्याआधी ही पट्टी काढावी. नाहीतर मोजला जातो तो कापूस.