जनरेटरवर बॅटरी चार्जिंग (ग्रामीण विदर्भ)

मुक्कामी गाडीतील किंवा वावरातील १२ व्होल्टची बॅटरी हाताने उचलता येणाऱ्या लहान पेट्रोल जनरेटरवर भरून घेण्याची पद्धत. राहण्याची सोय केलेल्या गाडीत, म्हणजे कॅम्परमध्ये, दिवे, पंखा, पाण्याचा छोटा पंप आणि फ्रिज यांच्यासाठी इंजिनच्या बॅटरीहून वेगळी बॅटरी बसवलेली असते. गाडी दोन-तीन दिवस एका जागी उभी राहिली की ती उतरते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन, म्हणजे अशाच गाड्यांच्या, पर्यटनाचे धोरण आणले. पण मेळघाटात किंवा ताडोब्याच्या बाजूला आडगावी मुक्काम पडला, तर वीजजोडणी मिळेलच असे नाही.

विदर्भातील शेतकऱ्याला हे गणित कॅम्परच्या आधीपासून ठाऊक आहे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखण्यासाठी कुंपणाला लावलेले झटका मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. एरवी सौर पॅनेल ती भरत राहते. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हा बॅटरी बसते, आणि नेमके त्याच दिवसांत पीक कोवळे असते. शेतीपंपाची थ्री-फेज लाइन ठरावीक तासच, कधी दिवसा तर कधी रात्रीच्या पाळीने येते. जागलीच्या झोपडीपर्यंत तीही पोचत नाही. अशा वेळी बॅटरी घरी वाहून नेणे किंवा वावरातच जनरेटर लावणे एवढेच उरते. बॅटरी उतरली म्हणून कुंपणात थेट लाइनची वीज सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने माणसेही मेली आहेत, वाघही.

पुष्कळ जनरेटरांवर १२ व्होल्टचे डीसी सॉकेट असते. बॅटरी १२ व्होल्टची, सॉकेटही १२ व्होल्टचे, म्हणून चिमटे थेट तिथेच जोडले जातात. हा मार्ग महागात पडतो. या सॉकेटमधून साधारण ८ ॲम्पिअर मिळतात, त्यावर व्होल्टेजचे धड नियंत्रण नसते आणि बॅटरी भरल्यावर ते आपोआप थांबत नाही. त्याऐवजी २३० व्होल्टच्या सॉकेटला चांगला बॅटरी चार्जर लावावा. १०० ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी अर्धी उतरली असेल, तर १५ ॲम्पिअरचा चार्जर तिला सव्वादोन तासांच्या आसपास ८० टक्क्यांवर आणतो. डीसी सॉकेटला त्यासाठी चार तास लागतात. जनरेटर मात्र दोन्ही वेळा जवळपास तेवढेच पेट्रोल दर तासाला पितो. असा चार्जर तीनशे वॅटच्या आत-बाहेर ओढतो, म्हणजे १ केव्हीएचे यंत्र पुरेसे होते.

खरा प्रश्न शेवटच्या २० टक्क्यांचा आहे. व्होल्टेज १४.४ च्या जवळ आले की बॅटरी स्वतःच कमी कमी करंट घेऊ लागते. चार्जर कितीही मोठा असो, उरलेले भरायला तीन-चार तास जातात. या काळात जनरेटर चालवणे म्हणजे एका दिव्यापुरत्या विजेसाठी इंजिन फिरवणे. म्हणून सकाळी जनरेटरवर जड भरणी करून घ्यावी आणि वरची भर उन्हावर किंवा गावातल्या लाइनवर सोडावी, हीच शहाणपणाची रीत. पण ती भर कधी ना कधी पूर्ण व्हायलाच हवी. कायम ८० टक्क्यांवर ठेवलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते आणि ती अकाली निकामी होते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळपास शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते, त्यामुळे ती जनरेटरला अधिक सोयीची. चार्जर मात्र तिच्यासाठीचाच लागतो.

चार्जर बंद असताना आधी लाल, मग काळा चिमटा लावतात. जनरेटर सुरू करून दोन-तीन मिनिटे गरम होऊ देतात आणि त्यानंतरच चार्जरचे बटण दाबतात. काढताना उलट क्रम. भरत आलेल्या बॅटरीच्या झाकणाला कान लावला तर बुडबुड्यांची बारीक खदखद ऐकू येते, आंबट वास येतो. हा हायड्रोजन सुटत असल्याचा इशारा आहे. तिथे बिडी पेटवणे किंवा चिमटा ओढून ठिणगी पाडणे जिवावर बेतू शकते. चार्जिंग थांबवून काही तास विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

वैशाख-ज्येष्ठात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा १४.४ व्होल्टही जास्त होतात. तापमानानुसार व्होल्टेज उतरवणारा चार्जर नसेल तर बॅटरीतील पाणी भराभर आटते. डिस्टिल्ड वॉटरची पातळी त्या महिन्यांत वारंवार बघावी लागते. विहिरीचे पाणी कधीही घालू नये, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. जनरेटरही उन्हात पूर्ण ताकद देत नाही. त्याला कडुनिंबाची सावली द्यावी, पण चारी बाजूंनी वारा मोकळा हवा.

पाऊस आला म्हणून जनरेटर गोठ्यात, झोपडीत किंवा गाडीच्या दाराशी ओढणे ही सर्वांत घातक सवय. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. यंत्र निजायच्या जागेपासून किमान वीस फूट दूर आणि धुराचे तोंड पलीकडे ठेवावे. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर लावून जनरेटरची वीज घराच्या बोर्डात सोडण्याचा प्रकारही खेड्यांत दिसतो. ती वीज उलटी डीपीपर्यंत, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, जाते, तिथे व्होल्टेज वाढून तारेत उतरते आणि लाइन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या लाइनमनला मारते. घराला जोडायचेच असेल तर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. बॅटरी भरायला त्याचीही गरज नाही, चार्जर थेट जनरेटरला लागतो.

हंगाम संपल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलचा चिकट थर बसला की पुढच्या आषाढात दोरी कितीही ओढली तरी यंत्र लागत नाही.