ब्लेंडरच्या पोटातला पायथन

टर्मिनलवरून पिपने, म्हणजे पायथन भाषेची तयार कोडची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने, एखादं पॅकेज टाकलं, तरी ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रणाचं सॉफ्टवेअर ते सापडत नाही म्हणतं. ॲड-ऑन, म्हणजे ब्लेंडरला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला बसलेला जवळपास प्रत्येक नवा माणूस इथे अडखळतो. कारण त्याने पॅकेज टाकलेलं असतं संगणकावरच्या पायथनमध्ये, आणि ब्लेंडर वापरतं स्वतःसोबत आणलेला पायथन.

पूर्वी असं नव्हतं. नेदरलँड्समध्ये टोन रोझेंडाल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर, ते विकणारी कंपनी बुडाल्यावर, लोकवर्गणीतून १ लाख युरो उभे करून ऑक्टोबर २००२ मध्ये मुक्त झालं. त्या काळात, अगदी २.४ मालिकेपर्यंत, पूर्ण पायथन वापरकर्त्याने स्वतः बसवायचा असे. तो नसला की ब्लेंडर सुरू होतानाच ‘पायथन सापडला नाही, काही स्क्रिप्ट चालणार नाहीत’ अशा अर्थाची सूचना येई. तोही नेमक्या आवृत्तीचाच हवा. चित्रकाराने ही उस्तवार का करावी?

२.५ मालिकेत ब्लेंडरचा कायापालट झाला. नोव्हेंबर २००९ मध्ये तिची पहिली चाचणी आवृत्ती आली, तेव्हा पायथन ३ स्वीकारला गेला होता. जग अजून पायथन २ वरच होतं, म्हणून हा निर्णय मला आजही धाडसी वाटतो. पुढे इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्रॅम) आणि स्टँडर्ड लायब्ररी (पायथनसोबत येणारा तयार कोड) ब्लेंडरसोबतच मिळू लागली, नंतर आकडेमोडीचं नमपाय हे पॅकेजही आलं.

स्क्रिप्ट चालेनात ही तक्रार मिटली, पण तिसऱ्या कुणाची पॅकेजेस हवी असतील तर काय, हा प्रश्न उरला. मग ॲड-ऑन ब्लेंडरच्या आतल्या पायथनकडून पिप चालवून घेऊ लागले. विंडोजवर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायची परवानगी नसली की हे तिथेच अडे. शिवाय सी भाषेतून कंपाइल केलेली मॉड्यूल्स सहसा पायथनच्या एकाच आवृत्तीला बांधलेली असतात. ब्लेंडर ४.० मध्ये पायथन ३.१० होता, मार्च २०२४ च्या ४.१ मध्ये ३.११ आला, जुन्यासाठी कंपाइल केलेलं मॉड्यूल नव्यात चालेना. आवृत्ती ब्लेंडर मनाला येईल तशी निवडतं असंही नाही. चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचं काम करणारे स्टुडिओ वेगवेगळी सॉफ्टवेअर एकत्र वापरतात, त्यांच्यासाठी २०१४ पासून ‘व्हीएफएक्स रेफरन्स प्लॅटफॉर्म’ दरवर्षी पायथनसारख्या साधनांच्या आणि सॉफ्टवेअर लायब्ररींच्या आवृत्त्या ठरवून देतो. ब्लेंडर त्याच्याशी जुळवून घेतं.

जुलै २०२४ च्या ४.२ मध्ये ॲड-ऑन वाटण्याची एक्स्टेन्शन ही नवी पद्धत आली. ॲड-ऑनने लागणारी पॅकेजेस व्हील फाइलींच्या (बसवायला तयार अशा पायथन पॅकेजच्या फाइलींच्या) रूपात स्वतःसोबत आणायची आणि मॅनिफेस्ट या माहितीच्या फाइलमध्ये त्यांची नोंद करायची. बसवण्याचं काम ब्लेंडर करतं. कंपाइल केलेल्या पॅकेजचे विंडोज, मॅक, लिनक्स यांच्यासाठी वेगळे व्हील द्यावे लागतात, फाइलचा आकार फुगतो, लेखकाचं काम वाढतं. तरीही मला हेच योग्य वाटतं. पायथन ब्लेंडरचा असेल, तर त्यात काय शिरतं यावर ताबाही ब्लेंडरचाच हवा, आणि पॅकेज जुळवण्याचा भार चित्रकारावर पडू नये.

एक अडचण मात्र या पद्धतीनेही सुटत नाही. ब्लेंडर चालू असताना सगळे ॲड-ऑन एकाच इंटरप्रिटरमध्ये राहतात, आणि तिथे एका नावाचं एकच मॉड्यूल लोड होतं. दोन ॲड-ऑनना एकाच पॅकेजच्या परस्परांशी न जुळणाऱ्या आवृत्त्या हव्या असतील, तर आजही कुणा एका लेखकाला आपला कोड बदलावा लागतो, नाहीतर ते पॅकेज वेगळ्या नावाने आपल्या कोडमध्येच सामावून घ्यावं लागतं.