अमेरिकेतला नोटरी म्हणजे वकील नव्हे

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाळं शिवता शिवता एका नेपाळी खलाशाने मोबाईल पुढे केला. पडद्यावर शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो. "दाई, म्हणजे माझा थोरला भाऊ, अमेरिकेत आहे. नोटरीने करून दिलं, आता ग्रीन कार्ड." ही कथा बंदरावर जुनीच: भूकंपामुळे अमेरिका नेपाळ्यांना ठेवून घेते, पोचलं की काम झालं.

अर्धं खरं, म्हणूनच घातक. 2015 च्या भूकंपानंतर अमेरिकेने नेपाळला टीपीएस, म्हणजे मायदेशी परत न पाठवण्याचं तात्पुरतं संरक्षण दिलं, पण ते ठरलेल्या तारखेआधीपासून तिथं राहत असलेल्यांनाच. आज विमानात बसणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. टीपीएसमधून आपोआप ग्रीन कार्डही मिळत नाही. शिवाय 2025 मध्ये नेपाळचं टीपीएस संपवत असल्याचं तिथल्या सरकारने जाहीर केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

आता तो शिक्का. आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेला नोटरी बहुतेक वेळा वकीलच असतो, त्यामुळे गैरसमज होणारच. अमेरिकेत नोटरी साधारणपणे फक्त सही आपल्यासमोर झाली एवढंच सांगतो. लॅटिन अमेरिकेतही 'नोतारियो' हा कायद्याचा मोठा जाणकार, आणि तिथून आलेली माणसं याच शब्दाला फसतात. इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तो वकिलाने, किंवा तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेच्या अधिकृत प्रतिनिधीने. अशा संस्था बऱ्याचदा फुकट किंवा थोडक्या पैशात काम करतात.

त्याने फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. वकिलाचं नाव त्यावर कुठेच नव्हतं.