कमिट संकेत

सॉफ्टवेअरच्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत (कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) बदल नोंदवताना नोंदीची, म्हणजे ‘कमिट’ची, व्याप्ती आणि तिच्यासोबतचा संदेश यांविषयी पाळले जाणारे नियम. एका कमिटमध्ये तर्कदृष्ट्या एकच बदल असावा आणि त्यानंतरही प्रकल्प बिल्ड होत राहावा (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होत राहावा), हे त्यांतील मुख्य सूत्र होय. दोषदुरुस्ती व कोडची निव्वळ मांडणी एकाच कमिटमध्ये मिसळल्यास परीक्षण अवघड होते, तो बदल पुढे स्वतंत्रपणे मागे घेता येत नाही आणि ‘गिट बिसेक्ट’ने (गिट या प्रणालीतील, दोष कोणत्या कमिटमध्ये शिरला हे शोधणाऱ्या आज्ञेने) दोषाचा शोध घेतला तरी तो अशा ढोबळ कमिटपाशी येऊन थांबतो.

बदलासोबत टिप्पणी लिहिण्याची प्रथा जुनी आहे. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ च्या सुमारास रचलेली एससीसीएस ही प्रणालीही नोंद करताना टिप्पणी विचारत असे. सीव्हीएस या नंतरच्या प्रणालीत मात्र प्रत्येक फाइलचा इतिहास वेगळा राहत असल्यामुळे अनेक फायलींचा कमिट मध्येच तुटल्यास तो अर्धवट नोंदला जाण्याचा संभव असे. सबव्हर्जन या प्रणालीने (आवृत्ती १.०, २००४) ही उणीव दूर केली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या गिटमध्ये एकाच फाइलमधील निवडक बदलही कमिटसाठी वेगळे काढता येतात.

संदेशाची शीर्षक-ओळ ५० अक्षरांपर्यंत, त्याखाली एक रिकामी ओळ आणि मजकुराच्या ओळी ७२ अक्षरांच्या, या संकेताच्या उगमाविषयी मतभेद आहेत. त्याच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः प्रोग्रामर टिम पोप यांच्या २००८ मधील टिपणास दिले जाते; ५० अक्षरांची शिफारस गिटच्या माहितीपुस्तिकेतही आढळते. ७२ या आकड्याचा संबंध काही जण पंचकार्डाशी (पूर्वी प्रोग्राम ज्यावर छिद्रे पाडून नोंदवत त्या कार्डाशी) जोडतात, कारण फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेच्या कार्डावरील ८० स्तंभांपैकी शेवटचे ८ अनुक्रमांकासाठी राखीव असत. कमिटचा इतिहास दाखवणारी ‘गिट लॉग’ ही आज्ञा संदेश डावीकडून ४ स्तंभ आत सरकवून दाखवते. उजवीकडेही तितकीच जागा सोडल्यास पडद्यावरील ओळीच्या ८० पैकी ७२ स्तंभ उरतात, हे पोप यांचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. लिनक्स कर्नेलचे (लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याचे) दंडक निराळे असून तेथे शीर्षकास ७० ते ७५ अक्षरांची मुभा आहे. शीर्षक आज्ञार्थी असावे आणि मजकुरात बदलाचे कारण यावे, याबाबत मात्र बहुतेक प्रकल्पांत एकवाक्यता दिसते.

कर्नेलच्या संदेशांतील ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ २००४ मध्ये, लिनक्समध्ये आपला कोड वापरल्याच्या एससीओ कंपनीच्या दाव्यांच्या पार्श्वभूमीवर, कोडचे मूळ प्रमाणित करण्यासाठी आली. शाखा (वेगळा चाललेला बदलांचा प्रवाह) मर्ज करताना, म्हणजे मुख्य प्रवाहात मिसळताना, तिच्यातील कमिट एकत्र करावेत की जसेच्या तसे ठेवावेत, हे प्रकल्पागणिक बदलते. मात्र इतरांनी आधार म्हणून घेतलेला इतिहास पुन्हा लिहू नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.