भक्षकजाणीव

परिसरातील भक्षकाचा धोका ओळखून त्यानुसार वागणूक बदलण्याची भक्ष्य प्राण्यांची क्षमता. मुंबईच्या हद्दीतच तिचे निरीक्षण करता येते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (सुमारे १०४ चौ. किमी.) बिबट्या हा प्रमुख भक्षक असून चितळ, सांबर, भेकर आणि वानर त्याच्या सावटाखाली वावरतात.

चितळाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि बाहुल्या आडव्या असतात, त्यामुळे मान न वळवताही त्याला सभोवतालचा बराच मोठा भाग दिसतो. हरणांना रंगांचे भेद कमी कळतात, पण किंचितशी हालचालही ती चटकन टिपतात. म्हणूनच दबा धरलेला बिबट्या इतका निश्चल असतो. वारा अनुकूल असेल, तर भक्षक दिसण्याआधी त्याचा गंध पोहोचतो.

धोका जाणवला की इशाऱ्याची हाक दिली जाते. झाडावरच्या वानरांना दूरचे दिसते आणि खालच्या चितळांचे नाक तिखट असते, त्यामुळे दोन्ही जाती एकमेकींच्या हाकांना प्रतिसाद देतात. शिवाय वानरांनी पाडलेला पाला चितळांना आयता मिळतो. चितळ कुत्र्यांनाही बिचकून ओरडते, म्हणून तेवढ्यावरून बिबट्या जवळ आहे असे मानणे घाईचे ठरते. सांबराची हाक त्या मानाने अधिक भरवशाची समजली जाते. इशाऱ्याची हाक भक्षकालाही उद्देशून असते: बिबट्याची सारी भिस्त दबा धरण्यावर असल्याने आपण हेरले गेलो हे कळताच तो बहुधा माघार घेतो. आफ्रिकेतील व्हर्वेट माकडे तर बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळ्या हाका देतात, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

पळणे हा एकमेव प्रतिसाद नव्हे. पिसोरी (हरणासारखा दिसणारा इवलासा प्राणी) झुडपात निश्चल राहते. कावळे घारीवर एकत्र चाल करून जातात. खाडीकाठच्या चिखलात चरणारे छोटे पाणपक्षी बहिरी ससाणा दिसताच दाट थव्याने उडतात. थव्यात टेहळणीला अनेक डोळे असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा धोका विभागला जातो.

सावधपणाची किंमतही मोठी असते, कारण मान वर करून पाहण्यात गेलेला वेळ चरण्यातून वजा होतो. धोका सर्वत्र आणि सर्व वेळी सारखा नसल्याने प्राणी जागा व वेळ निवडून चरतात. यालाच ‘भयाचा भूप्रदेश’ म्हणतात. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानात १९९५ मध्ये लांडगे पुन्हा सोडल्यानंतर एल्क हरणांच्या सावधपणाचा जो अभ्यास झाला, त्यातून २००१ मध्ये ही संकल्पना मांडली गेली. कॅनडातील एका प्रयोगात गाणाऱ्या चिमण्यांना (साँग स्पॅरो) केवळ भक्षकांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. प्रत्यक्ष शिकार रोखलेली असूनही त्यांच्या पिल्लांची संख्या ४० टक्क्यांनी घटली (२०११). शिकारीचे आकडे मोजून भक्षकाचा प्रभाव ठरवणे त्यामुळे अपुरे ठरते.